वरच्यांना आपली काळजी असते का? रोमन कवितेतलं एक जुनं भांडण

व्हर्जिलच्या 'इनिड' या महाकाव्यात, चौथ्या सर्गात, एक भांडण आहे. कार्थेजची राणी डायडो इनियसवर चिडली आहे. ट्रॉय जळाल्यावर समुद्रात भरकटत आलेल्या या माणसाला तिनं आसरा दिला, जीव लावला, आणि आता तो तिला न सांगता गलबतं तयार करतोय. विचारल्यावर म्हणतो, देवांचा राजा ज्युपिटर याचा दूत आला होता, इटलीला जायची आज्ञा आहे, मी काही माझ्या मर्जीनं निघालो नाही. त्यावर डायडो म्हणते: "हो तर! वरच्यांना दुसरं कामच काय! त्यांची शांतता मोडते ती याच काळजीनं!"

आपण हा टोमणा म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. पण व्हर्जिलच्या काळच्या शिकलेल्या रोमन माणसाचे कान इथे टवकारले असणार. देव शांततेत राहतात, माणसांच्या भानगडीत पडत नाहीत, हे एका ठरावीक तत्त्वज्ञानाचं मत होतं. डायडो रडता-रडता एपिक्युरसचा सिद्धांत नवऱ्यासारख्या मानलेल्या माणसाच्या तोंडावर फेकते आहे. इनियस ज्या भाषेत बोलतोय ती भाषा दुसऱ्या गोटातली, स्टोइकांची. नियती, कर्तव्य, आज्ञा. प्रियकर-प्रेयसीच्या या भांडणात दोन जीवनदृष्टी समोरासमोर उभ्या आहेत. माझ्या मते रोमन कवितेचं कुलूप उघडायचं तर ही एक किल्ली पुरते: देवांना आपली काळजी आहे का, या प्रश्नाला कवी (किंवा त्याचं पात्र) काय उत्तर देतो ते बघायचं. जगायचं कसं, मरणाला भ्यायचं का, रागाचं काय करायचं, राजकारणात पडायचं की नाही, हे सगळं त्या उत्तरातून निघतं.

दोन्ही विचार रोमचे नव्हेत, ग्रीसमधून आलेले. एपिक्युरस (इ.स.पू. 341 ते 270) अथेन्समध्ये एका बागेत शिकवायचा. त्याच्याकडे बायका यायच्या, गुलाम यायचे. साधारण इ.स.पू. 300च्या सुमाराला झीनो नावाचा माणूस त्याच शहरात, चित्रं काढलेल्या एका खांबांच्या ओसरीत शिकवू लागला. ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणतात, म्हणून त्याचे अनुयायी स्टोइक. म्हणजे एक बागेतले आणि एक ओसरीतले.

बागेतल्यांचं म्हणणं असं. जग म्हणजे अणू आणि पोकळी. देव आहेत, पण ते कुठेतरी दूर, पूर्ण समाधानात राहतात; ते रागावत नाहीत आणि नवसाला पावतही नाहीत. मेल्यावर अणू सुटे होतात, आत्माही विरतो, मग शिक्षा कोणाला आणि नरक कुठला? तेव्हा भीती सोडा, गरजा कमी ठेवा, मित्र जोडा, सत्तेच्या धावपळीपासून लांब राहा. सुख हेच ध्येय, पण सुख म्हणजे अंगाला वेदना नाही आणि मनाला तगमग नाही ही अवस्था. एपिक्युरसनं एका मित्राला लिहिलं होतं की चीजचं एक लहानसं भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. चीजच्या एका भांड्यात ज्याची मेजवानी होते त्याला जगानं खादाड, चैनी म्हणून बदनाम केलं. आपल्याकडे चार्वाकाच्या वाट्याला जे आलं तसंच काहीसं.

ओसरीतल्यांचं उलट. जग एका बुद्धीनं भरलेलं आहे, तीच देव, तीच निसर्ग, तीच नियती. जे घडतं ते त्या बुद्धीच्या योजनेत बसूनच घडतं. त्यांचा जुना दृष्टांत आहे: गाडीला बांधलेला कुत्रा. गाडी चालली की कुत्रा आपणहून तिच्यामागे चालेल, नाहीतर फरफटत जाईल. जाणं चुकत नाही, कसं जायचं एवढंच त्याच्या हातात. माणसाच्या हातातही एवढंच, आणि त्यालाच ते सद्गुण म्हणतात. पैसा, तब्येत, नाव ही सगळी वरकड. राग, शोक, लोभ हे निर्णयातले दोष. आणि समाजातलं काम टाळायचं नाही, कारण आपण त्या मोठ्या व्यवस्थेचा भाग आहोत.

हे झालं पाठ्यपुस्तकातलं. कवितेत शिरल्यावर त्याचं काय होतं, ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

बागेतल्यांचा कवी म्हणजे ल्युक्रेशियस. त्याच्या आयुष्याविषयी खात्रीचं फार थोडं हाती आहे, पण इ.स.पू. 54च्या फेब्रुवारीत रोमन वक्ता सिसेरो भावाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या कवितेचं कौतुक करतो. 'दे रेरुम नातुरा', म्हणजे 'वस्तूंच्या स्वरूपाविषयी', हे त्याचं काव्य सहा भागांचं, सुमारे 7,400 ओळींचं. विषय भौतिकशास्त्र, पण छंद महाकाव्याचा. कशासाठी? तो स्वतः सांगतो: वैद्य मुलांना कडू काढा पाजताना पेल्याच्या काठाला मध लावतात, तसा मी हा कडू विचार कवितेच्या मधातून देतो.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. अणू डोळ्यांना दिसत नाहीत ना? अंधाऱ्या खोलीत उन्हाची तिरीप येते तेव्हा तिच्यात नाचणारे धूलिकण बघ, म्हणतो. ते सारखे आपटतात, वळतात, कारण त्यांना न दिसणारे कण धक्के देत असतात. सगळे अणू एका रेषेत खाली पडत राहिले असते तर जग बनलंच नसतं. म्हणून कुठल्याशा क्षणी, कुठल्याशा जागी, अणू किंचित कलतो. एवढासा कल. त्यातून टक्कर, टकरीतून जग, आणि त्याच कलातून माणसाची मर्जीही. म्हणजे गाडीला बांधलेल्या कुत्र्याची दोरी ल्युक्रेशियसनं अणूच्या पातळीवरच कापली.

पण तो अणूंसाठी अणू शिकवत नाही. त्याचं लक्ष भीतीवर आहे. पहिल्याच भागात तो राजकन्येच्या बळीची कथा सांगतो. ग्रीक आरमार ऑलिस बंदरात अडकलं, आणि सुटका व्हावी म्हणून राजानं पोटच्या मुलीला वेदीवर चढवलं. भीतीनं तिची वाचा गेली, ती गुडघ्यावर कोसळली. राजाला 'बाबा' अशी पहिली हाक तिनंच मारली होती, पण त्याचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही. मग एकच ओळ येते: एवढी दुष्कृत्यं करवून घेण्याची ताकद देवभीतीत होती. इथे तो 'रेलिगिओ' हा शब्द वापरतो. आजच्या अर्थानं 'धर्म' म्हटलं तर तो शब्द फार पसरतो. माणसाच्या मानेवर बसलेलं देवाचं भय, असा त्याचा रोख आहे.

मरणाविषयी त्याचा युक्तिवाद सरळ आहे. आपल्या जन्माआधी कार्थेजशी युद्धं झाली, सगळं जग थरथरलं, आपल्याला काही जाणवलं का? मग मेल्यानंतरचा काळही तसाच. जो नाही त्याला दुःख होणार कसं? 'मृत्यूशी आपला काही संबंध नाही.' युक्तिवाद तेवढाच असता तर तो कोरडा राहिला असता. पण ल्युक्रेशियस आधी शोक करणाऱ्यांचे शब्द पूर्ण ऐकू देतो: आता तुझं घर तुला आनंदानं आत घेणार नाही, गोड पोरं पहिला मुका घ्यायला धावत येणार नाहीत... यावर त्याचं उत्तर असं: पण ते हे सांगायला विसरतात की त्या कशाचीही ओढ तुला उरणार नाही. उत्तर बिनतोड आहे. तरी वाचून झाल्यावर मनात राहतात ती धावत येणारी पोरं. हे त्याला कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या भागातली गाय तर याहून थेट आहे. मुद्दा आहे अणूंचे आकार वेगवेगळे असल्याचा. प्रत्येक जीव दुसऱ्यापेक्षा निराळा, म्हणूनच आई पिलाला ओळखते. उदाहरण म्हणून तो देवळापुढे वासराचा बळी दिल्याचं सांगतो. मग गाय रानात फिरते, खुरांचे ठसे शोधते, हंबरून झाडी भरून टाकते, पुन्हा-पुन्हा गोठ्याकडे येऊन बघते. कोवळी पालवी, दवानं तजेलदार झालेलं गवत, काठोकाठ वाहणारी नदी, कशातच तिचं मन रमत नाही, आणि दुसरी वासरं बघूनही तिचा घोर जात नाही. अणूंच्या आकाराचा मुद्दा केव्हाच सिद्ध झालेला असतो, कवी मात्र गायीला सोडत नाही. मनाची शांती शिकवणाऱ्या काव्याच्या मध्यावर शांत न होणारं एक जनावर उभं आहे. सिद्धांताच्या भल्यासाठीसुद्धा त्यानं तिला गप्प केलेलं नाही, आणि याच जागेपाशी मला ल्युक्रेशियस मोठा वाटतो.

आता व्हर्जिल (इ.स.पू. 70 ते 19). त्याचं शिक्षण बागेच्या जवळचं. इ.स. 79च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियमचा एक बंगला गाडला गेला. त्यात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या. बऱ्याच गुंडाळ्या फिलोडेमस या एपिक्युरसपंथी लेखकाच्या आहेत, आणि त्यांतल्या मजकुरात व्हर्जिलचं आणि त्याच्या कवीमित्रांचं नाव येतं. शेतीवरच्या 'जॉर्जिक्स'मध्ये व्हर्जिल म्हणतो: ज्याला वस्तूंची कारणं कळली आणि ज्यानं सगळी भीती पायाखाली तुडवली, तो सुखी. हा नमस्कार ल्युक्रेशियसला आहे, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही. पण लगेच पुढे: ज्याला रानातले देव माहीत आहेत, तोही भाग्यवान. एक पाय बागेत, एक गावच्या देवळात.

'इनिड'मध्ये हा तिढा वाढतो. इनियस हा ओसरीतल्यांचा माणूस व्हायला निघालेला नायक आहे. त्याचं विशेषण 'पिउस': देव, वडील, पुढच्या पिढ्या यांचं देणं मानणारा. डायडोची बहीण त्याच्याकडे विनवणी करत फेऱ्या घालते तेव्हा कवी त्याला आल्प्सच्या वाऱ्यात उभ्या जुन्या ओकची उपमा देतो: फांद्या करकरतात, पानं गळतात, मूळ हलत नाही. मग येते ती प्रसिद्ध ओळ: मन अढळ राहतं, अश्रू व्यर्थ ओघळतात. कोणाचे अश्रू? लॅटिनमध्ये सांगितलेलंच नाही. इनियसचे असतील, डायडोचे असतील, बहिणीचे असतील. स्टोइक चौकटीत बसवायचं तर अश्रू इनियसचे धरायचे, म्हणजे आत अढळ आणि बाहेर भिजलेला ज्ञानी पुरुष मिळतो. व्हर्जिलनं ती सोय ठेवली, सक्ती केली नाही.

डायडोच्या टोमण्याकडे परत येऊ. तिच्या बाजूनं विचार केला तर ती बरोबर बोलते आहे. पण ज्या काव्यात ती राहते तिथे देव खरोखर ढवळाढवळ करतात: व्हीनसनं तिच्या मनात प्रेम पेटवलं, जूनोनं वादळ आणून दोघांना गुहेत गाठलं, मर्क्युरी खरंच निरोप घेऊन आला. देवांना फिकीर नाही असं मानणारी बाई देवांच्या फिकिरीतच मरते. व्हर्जिल ओसरीच्या बाजूनं निकाल देतो का, मग? देता देता थांबतो. काव्याच्या अकराव्या ओळीतच त्यानं विचारून ठेवलंय: स्वर्गातल्या मनांत एवढा राग असतो का? योजना आखणारे देव जर एवढे रागावणारे असतील तर त्या योजनेला बुद्धी म्हणायचं कसं? हा प्रश्न बागेतल्यांचा आहे, आणि तो पुढच्या जवळजवळ दहा हजार ओळींवर लटकत राहतो.

होरेस (इ.स.पू. 65 ते 8) या भांडणाकडे निराळ्या जागेवरून बघतो. वडील गुलामीतून मुक्त झालेले, पोरगा इ.स.पू. 42 साली फिलिपीच्या लढाईत हरणाऱ्या बाजूनं लढलेला, पुढे कवींचा आश्रयदाता मिसीनस याच्या कृपेनं रोमबाहेर एक शेत मिळालेला. कुठल्याही एका गुरूच्या शब्दाची शपथ घ्यायला मी बांधलेलो नाही, असं तो उघड लिहितो. त्याचं 'कार्पे दिएम' आज कपांवर आणि टी-शर्टांवर छापतात, अर्थ लावतात 'मजा करा'. मूळ कवितेत तो एका स्त्रीला सांगतो की ज्योतिषांकडून आयुष्य किती उरलं ते विचारू नकोस. द्राक्षारस गाळून घे, लांबलेली आशा छाटून टाक, दिवस खुडून घे. गाळणं, छाटणं, खुडणं: सगळी क्रियापदं द्राक्षमळ्यातली. पिकलेलं फळ हातात घ्यायचं, उद्याच्या फळावर फार विसंबायचं नाही. नाशिककडच्या बागायतदाराला हा सल्ला कवितेच्या प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल.

ल्युक्रेशियसनं एका ठिकाणी देवभक्तांना डिवचलं होतं: वीज ज्युपिटर फेकतो म्हणता, तर मग निरभ्र आकाशातून तो कधीच का गडगडत नाही? होरेस एका कवितेत गंभीरपणे सांगतो की मी देवांची भक्ती क्वचितच करणारा, वेड्या शहाणपणात भटकत होतो. पण आज ज्युपिटरनं स्वच्छ आकाशातून आपला रथ पिटाळला, आता मला शीड फिरवून उलटं जाणं भाग आहे. हे मतांतर खरं मानायचं का, यावर अभ्यासकांची चर्चा अजून चालू आहे. मला वाटतं, तो गोट बदलत नाही. आपल्या सिद्धांतात न बसणारा एक आवाज ऐकला आणि तो लपवला नाही, एवढं प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्याच्याच एका उपरोधिक कवितेत दावुस नावाचा गुलाम मालकाला सुनावतो. डिसेंबरातल्या सॅटर्नेलियाच्या सणात गुलामांना मोकळं बोलायची मुभा असे. "मालक, रोममध्ये असलात की तुम्हाला गाव हवं, गावाला गेलात की शहराचं कौतुक आभाळाला भिडवता," दावुस म्हणतो. तुम्ही वासनांचे गुलाम, मग माझ्यात नि तुमच्यात फरक काय? स्वतंत्र फक्त ज्ञानी माणूस. हा अस्सल स्टोइक सिद्धांत, आणि तो बोलतो कोण? विकत घेतलेला माणूस. होरेस चिडून मारायला दगड मागतो, आणि चालता हो नाहीतर शेतावर राबायला नववा गडी म्हणून पाठवीन, अशी धमकी देतो. गंमत बघा: शहर-गावाच्या येरझाऱ्यांची नेमकी हीच तक्रार आधी ल्युक्रेशियसनं केली होती. त्याचा श्रीमंत माणूस घरात कंटाळतो, आग विझवायला निघाल्यासारखी गाडी हाकत बंगल्यावर जातो, उंबऱ्यात पाय ठेवताच जांभई देतो आणि माघारी पळतो. रोगाचं निदान दोन्ही गोटांत एकच होतं, अस्वस्थ मन. भांडण औषधावरून होतं.

यानंतर शंभरेक वर्षांनी, नीरोच्या राज्यात, ल्युकन (इ.स. 39 ते 65) सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवीवर महाकाव्य लिहितो. तो स्टोइक तत्त्वज्ञ सेनेकाचा पुतण्या, म्हणजे ओसरी घरातच. त्याच्या काव्यात देव पात्रं म्हणून येतच नाहीत. नायक म्हणावा असा, सीझरच्या विरोधातला केटो लिबियाच्या वाळवंटात सैन्य घेऊन चाललाय. एक शिपाई शिरस्त्राणात थोडंसं पाणी आणून त्याला देतो, आणि तो सगळ्यांच्या देखत ते ओतून टाकतो. वाटेत अमोनचं देवस्थान लागतं. लोक म्हणतात, कौल लाव. केटो नकार देतो: जे दिसतं, जिथे आपण हालचाल करतो, ते सगळं ज्युपिटरच आहे, मग देव आणखी लांब कशाला शोधायचा?

ओसरीचं तत्त्वज्ञान याहून नितळ रूपात कवितेत मला कुठे आढळलेलं नाही. पण त्याच काव्यात फार्सेलसची लढाई जवळ आली की कवी स्वतः ओरडतो: आपल्याला देव नाहीतच, युगं आंधळ्या योगायोगानं ओढली जातायत आणि ज्युपिटर राज्य करतो म्हणून आपण खोटं बोलतो. सातव्या सर्गात हे, नवव्यात केटोचं शांत उत्तर. दोन्ही एकाच हातानं लिहिलेलं. तो हात पंचविसाव्या वर्षी थांबला: नीरोविरुद्धच्या कटात नाव आल्यावर ल्युकनला स्वतःच्या शिरा कापाव्या लागल्या, आणि रक्त जात असताना तो स्वतःच्याच ओळी म्हणत होता, असं इतिहासकार टॅसिटस सांगतो.

मी विद्यार्थ्यांसारखी पुन्हा पुन्हा ज्या पानाकडे वळते ते मात्र 'इनिड'चं शेवटचं. इटलीत इनियसविरुद्ध लढणारा टर्नस मांडीत भाला घुसून खाली पडलाय. हात पुढे करून म्हणतो, जिंकलास. माझ्या म्हाताऱ्या बापाकडे बघ. पाताळात इनियसच्या वडिलांनी रोमचं काम सांगितलं होतं: शरण आलेल्यांना सोडा, उन्मत्तांना नमवा. टर्नस आजवर उन्मत्त होता, आता शरण आलाय. इनियसचा हात थांबतो. आणि मग त्याला टर्नसच्या खांद्यावर पॅलसचा पट्टा दिसतो, त्याच्या हवाली केलेल्या आणि टर्नसनं मारलेल्या त्या कोवळ्या पोराचा.

कवी लिहितो: त्वेषानं पेटलेला, रागानं भयंकर. ओसरीतल्यांच्या हिशेबात नायक इथे नापास होतो. शिक्षा द्यायची तरी रागात द्यायची नाही. आणि फिलोडेमस, बागेतला, ज्याच्या जळक्या गुंडाळ्यांत व्हर्जिलचं नाव सापडलं, त्यानं रागावर एक पूर्ण ग्रंथ लिहिलाय: पोकळ राग वेगळा, आणि खऱ्या इजेतून आलेला स्वाभाविक राग वेगळा, दुसरा शहाण्यालाही येऊ शकतो. म्हणजे ओसरीचा नायक वाचवायला बागेतला वकील लागतो. अभ्यासक इथे अजून दोन बाजूंना उभे आहेत.

तलवार खुपसताना इनियस म्हणतो, हा घाव पॅलस घालतो आहे, पॅलस तुझा बळी देतो आहे. 'इम्मोलात', वेदीवरच्या बळीचा शब्द. ऑलिसच्या बंदरातली मुलगी आणि वासरू शोधणारी गाय ज्यांनी वाचली आहे, त्यांना तो शब्द ऐकू येतोच. वर स्वर्गात ज्युपिटर आणि जूनो यांची तडजोड आधीच झालेली आहे. खाली टर्नसचं अंग गार पडतं, आणि त्याचा प्राण कण्हत, तक्रार करत सावल्यांकडे जातो. 'सावल्या' हा काव्याचा शेवटचा शब्द.